तुझ्या काचा मी घासल्या

माझ्या मंजे,

चौथीत शाळा सुटली, त्यानंतर मी कुणाला पत्र लिहिलं नाय. आज लिहितेय, कारण परवा तुझी कॉलेजातली मैत्रीण नसीम आली. तिच्याकडे राहिलेल्या तुझ्या वहीत एक काच सापडली म्हणाली. मला वाटलं होतं, मी एकही शिल्लक ठेवली नाय!

त्या दगडांच्या अभ्यासापायी किती मरमर करायचीस! डोंगरातला दगड कापून काचेवर चिकटवायचा, अन् त्यातून उजेड दिसेपर्यंत घासत बसायचं. अन् मी? भांड्यांबरोबर तुझ्या सगळ्या काचा सोड्याच्या पाण्यात टाकल्या. तारेच्या घासणीनं खरवडून लख्ख केल्या. मळ वाटला गं मला!

तू ओरडली नाहीस. "पुन्हा करीन, आई," एवढंच. मग तुला ताप आला, त्यातून तू उठलीच नाहीस, अन् ते राहूनच गेलं. एकदा तरी भांडायचंस की माझ्याशी!

तू सांगायचीस, चंद्राच्या पोटात दगड वितळतो, तो रस वर चढताना वाटेतल्या खड्यांना खातो... मी मधेच तोडायची. "सरक, पाक करपतोय! क्रांती चौकात चंद्र विकू का चिक्की?" तू हसायचीस.

परवा नसीमनं मला कॉलेजात नेऊन ती काच भिंगाखाली दाखवली. मधे हिरवा खडा, कडा कुरतडलेल्या, भोवती तपकिरी किनार.

"मावशी, हा आपल्याच डोंगरातला. पण चंद्रावरच्या दगडांतही असंच होतं. रस खड्याला खातो, त्यातूनच भोवती नवा खडा धरतो. मग रसही पहिल्यासारखा राहत नाही."

काच घेऊन घरी आले, ती डब्यात ठेवली अन् लगेच गुळाच्या पाकात खडीसाखर टाकली. कडा गेल्या, मधलं राहिलं, पाक दाट झाला. किनार काही धरली नाय, ते चंद्रालाच जमतं! पण व्हय गं, कळलं. दोन मिनिटं ऐकलं असतं तर कढई जळाली असती का?

नसीम म्हणते, काच कॉलेजात ठेवू, नव्या पोरी बघतील. मी आधी फटकन नाय म्हणाले. तुझ्या हातचं एवढंच तर उरलंय. पण माझ्या डब्यात ती कोण बघणार?

सोमवारी मीच नेऊन देते. काचेच्या कोपऱ्यावर तुझ्या बोटाचा ठसा आहे. शब्द देते मंजे, तो मी पुसणार नाय, अन् कुणाला पुसूही देणार नाय.

तुझी,
लई घाईची आई