हिवातली बॅटरी

॥ श्री ॥
अमरावती,
दि. ४ ऑक्टोबर २०२४

ती. दादास सुभद्राचा शि. सा. नमस्कार.

वि. वि. इकडे सर्व ठीक. तुझ्या कानाचं यंत्र दुरुस्त होऊन आलं का? फोनवर मी एक विचारते आणि तू दुसऱ्याच गोष्टीचं उत्तर देतोस, म्हणून म्हटलं आपली पत्रंच बरी.

तुझ्या मेहुण्यांची गाडी जवळजवळ तयार झाली. चौतीस वर्षं एसटी चालवून माणसाचं मन भरलं नाही. शाळेची जुनी मिनीबस घेतली, सीटा काढल्या, आत बर्थ केला, ओटा केला, पाण्याची टाकी बसवली, टपावर सोलरची पाटी टाकली, डिझेलवर चालणारा हीटर आणला. गल्लीतली मुलं तिला घरगाडी म्हणतात. आता गाडं अडलं आहे ते मागच्या बॅटरीवर. हीटरचा पंखा आणि दिवे तिच्यावर चालायचे आहेत. हे म्हणतात, हॉलमधल्या इन्व्हर्टरची बॅटरी उचलून मागे ठेवतो. मी विचारलं, मग मी अंधारात बसू का. तर म्हणाले, तू काय हॉलमध्ये राहणार आहेस, तू गाडीतच असशील.

हे सगळं कशासाठी, ते तुला अजून कुणी सांगितलं नसेल. आपल्या आचलला जानेवारीत बाळ होणार आहे. सहा वर्षांपूर्वी तिने त्या हिमाचलच्या मुलाशी लग्न केलं, त्या दिवसापासून यांनी लेकीचं नाव काढलं नाही, हे तुला ठाऊकच आहे. ऑगस्टमध्ये मी भीत भीत बातमी सांगितली, तर भरल्या ताटावरून उठले. दुसऱ्या दिवशी सकाळी मिनीबस पाहायला गेले.

जातो म्हणतात, पण त्यांच्या घरात पाय ठेवणार नाही. गाडी दारासमोर लावीन आणि गाडीतच निजीन. आता तूच सांग, मनालीच्या अंगाला डोंगरातलं गाव, जानेवारीत रात्री पारा शून्याच्या खाली सात-आठ जातो. तिथे बॅटरी कोणती टिकेल? यांनी विचारलं असं कळू देऊ नकोस. मीच विचारते आहे.

वहिनींना नमस्कार. लोभ आहे, त्यात खंड पडू देऊ नये.

तुझी,
सुभद्रा


जठारपेठ, अकोला
ता. ९/१०/२०२४

चि. सौ. सुभद्रा हिले अनेक आशीर्वाद.

तुहं पत्र पावलं. यंत्र आलं, पन त्यातून मले फक्त कुकरची शिट्टी आयकू येते. माणसाचं बोलनं येत नाई. चालू दे.

पुंडलिकरावले सांग, हॉलमधली बॅटरी हॉलमधीच राहू द्या. ते पानीवाली हाय. हिवात तिची ताकद आर्धी होते. अन् ते उतरली का आतलं तेजाब निरं पानी होऊन जाते, मंग गोठते अन् डब्बा फुटते. वरून ते चार्ज होतानी गॅस सोडते. बंद गाडीत उशापाशी ठेवाची चीज नोहे.

लिथियमची घ्या. वजनाले आर्धी अन् जवळपास सारी वापरता येते. पन तिचं बी एक दुखनं हाय. शून्याच्या खाली तिच्यातून करंट काढला तं चालते, पन तिच्यात भरला तं ते आतून कायमची मरते. म्हनून पोटाले गरम पट्टी लावलेली येते, ते आधी सोताचं अंग गरम करते, मंगच चार्ज घेते. तशीच पायजे. अकोल्यात अशी कोनी ठेवत नाई. आपल्या इकडे बॅटऱ्या मे महिन्यात मरतात, हिवानं मराची पाळी कोनावर येते. मी बाहेरून मागवतो. ते गाडीच्या खाली नाई, आत बर्थखाली बसवू. अन् इंजिनची बॅटरी येगळी ठेवा, नाई तं हीटर चालवून चालवून सकाळी गाडीच सुरू होनार नाई.

बॅटरी याले नोव्हेंबर लागन. तोवर निघू नका. चाळीस वर्षं हाच बॅटऱ्याचा धंदा केला, अर्ध्या तयारीनं कोनाले घाटात धाडलं नाई, तुमाले बी धाडनार नाई.

आचलचं वाचून मी गल्ल्यावर बसल्या बसल्या रडलो. गिऱ्हाईकानं विचारलं का काय झालं, मी म्हनलं तेजाबाचा वास लागला. मामा असून मी बी सहा वर्षं त्या लेकराले एक पत्र टाकलं नाई, पुंडलिकरावले वाईट वाटन म्हनून. हे काई मी चांगलं नाई केलं.

तब्येतीले जप. जीव लावते तसाच लावत जा.

तुहा दादा,
महादेव


अमरावती,
दि. ४ नोव्हेंबर २०२४

ती. दादास शि. सा. नमस्कार.

दिवाळी पार पडली. भाऊबीजेला मला येता आलं नाही, रागावू नकोस. नितेश येऊन आत्याकडून ओवाळून घेऊन गेला, तुझ्या वाटचंही त्यालाच ओवाळलं.

तुझं पत्र मी यांना वाचून दाखवलं. बॅटरीचा भाग दोनदा वाचायला लावला. तुझ्या रडण्याचा भाग मी वाचला तेव्हा हे उठून पाणी प्यायला गेले. पण हॉलमधल्या बॅटरीचा हट्ट सोडला, हे काय थोडं आहे?

सध्या गाडीला पडदे शिवणं चाललं आहे. शिवते मी आणि मापं घेतात हे, तीही तीन-तीन वेळा. एक दुपार यांनी गाडीत झोपून पाहिलं, हीटर लावून. घामाघूम होऊन बाहेर आले आणि म्हणाले, चालते. अमरावतीच्या ऑक्टोबरात हीटरची परीक्षा घेणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आचलशी माझं आठवड्यातून दोनदा बोलणं होतं. फोन आला की हे पेपर घेऊन शेजारच्या खुर्चीत बसतात आणि पान उलटत नाहीत. परवा मी तिला सांगितलं की बाबा येणार आहेत पण गाडीत राहणार म्हणतात. ती म्हणाली, राहू दे त्यांना जिथं राहायचं तिथं, मी चहा बाहेर नेऊन देईन. हे मी यांना सांगितलं. त्यावर फक्त इतकंच विचारलं की बॅटरी आली का.

रोज विचारतात, दादा. आली की लगेच कळव, म्हणजे निघायचा दिवस ठरवता येईल.

आठवण असू द्यावी.

तुझी,
सुभद्रा


जठारपेठ, अकोला
ता. ९/१२/२०२४

चि. सुभद्रास आशीर्वाद.

हे तिसरं पान. पयले दोन फाडले. सवयीनं नावाच्या आधी सौ. लिहून जाते हात.

पुंडलिकरावाच्या तेरवीले तुह्याजवळ बसलो होतो पन काई बोलता आलं नाई. मानसं येत होते, तू साऱ्याइले तेच सांगत होती, का बावीस तारखेले सकाळी अंगणात गाडीची काच पुसता पुसता खाली बसले अन् दवाखान्यात पोचाच्या आत गेले. मी कोपऱ्यात बसून तुह्या ओठाकडे पायत होतो. आयकू येत नव्हतं तरी समजत होतं.

सुभद्रा, मले एक सांगाचं हाय. पुंडलिकराव निघाले नाई ते माह्यामुळं. मी म्हनलं नसतं का बॅटरी येईस्तोवर थांबा, तं ते दिवाळी झाल्याबरोबर निघून गेले असते. लेकीचं तोंड पाहून गेले असते. एखाद्या लॉजमधी निजले असते दोन राती, काय बिघडत होतं. मी धंद्याचं शहानपन शिकवत बसलो. आचलले आठवा महिना लागला म्हनून डॉक्टरनं येऊ देलं नाई, तिले बापाचं तोंड बी दिसलं नाई. हे सारं माह्या डोक्यावर हाय.

बॅटरी अकरा नोव्हेंबरलेच आली होती. त्याच दिवशी नितेशनं पुंडलिकरावले फोन करून सांगतलं. ते म्हनाले, येतो दोन दिवसात. आले नाई. मंग नितेशनं आनखी एकदा फोन केला, तं म्हनाले येतोच. मले वाटलं, तुमीच काई कामात असान. आता तो खोका दुकानात पडून हाय. मी दुकानात जाऊन नाई राहिलो. नितेशच बसते.

मले माफ कर म्हनाचं तोंड नाई.

महादेव


अमरावती,
दि. १५ डिसेंबर २०२४

ती. दादास नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. बॅटरी अकरा तारखेला आली, हे मला माहीत नव्हतं. मी रोज विचारत होते आणि हे रोज म्हणत होते की नाही आली. एकदा तर मीच तुझ्यावर चिडले, की दादाला बहिणीच्या कामाचीच घाई नाही.

नोव्हेंबरच्या एकोणीस तारखेला सकाळी हे गाडी घेऊन निघाले. अकोल्याला जाऊन बघतो, आली असेल तर घेऊनच येतो, असं म्हणाले. संध्याकाळी रिकाम्या हातांनी आले. आणखी आठ दिवस लागतील म्हणे. मी विश्वास ठेवला.

तुझं पत्र आल्यावर मी धर्मपालभाऊंना फोन केला. यांच्यासोबत पंधरा वर्षं कंडक्टर होते ते, आता मूर्तिजापूरला असतात. तेरवीला ते काहीतरी सांगू पाहत होते आणि मी ऐकून घेतलं नव्हतं. त्यांनी सांगितलं, की त्या दिवशी हे मूर्तिजापूरच्या स्टँडवर चार तास बसून होते. अकोला तिथून किती लांब? धर्मपालभाऊ म्हणाले, चला मी येतो सोबत, बॅटरी उचलू. तर हे म्हणाले, बॅटरी बसली का मंग जावंच लागन. जाईन तं खरं, पन पोरगी दार उघडून मले काय म्हनन, तेच समजून नाई राहिलं.

दादा, हा माणूस परतवाड्याच्या पुरात गाडी काढून आणणारा. चौतीस वर्षांत एकही फेरी चुकवली नाही. आणि एका दाराला भ्याला. मला का नाही सांगितलं? मी काय हसले असते? मी सोबतच तर असणार होते. दार मी वाजवलं असतं, यांनी मागे उभं राहायचं होतं फक्त.

मला यांचा इतका राग येतो आहे की फोटोसमोर दिवा लावताना हात थांबतो. पण तुझा राग मुळीच नाही, हे मनातून काढून टाक. तू वाट अडवली नाहीस. तू थांबायला सांगितलंस आणि यांना थांबायला कारण हवं होतं. ते तुझं नसतं तर दुसरं कुठलं सापडलं असतं.

आता ऐक. बॅटरी नितेशबरोबर पाठव. मी जाणार आहे. नितेशला महिनाभर सोडशील का?

तुझी,
सुभद्रा


जठारपेठ, अकोला
ता. २०/१२/२०२४

चि. सुभद्रास आशीर्वाद.

नितेशले सोडतो. दुकान मी पाहीन. तुह्या पत्रानं मले दुकानात जाता आलं.

गाडी महिनाभर उभी होती, इंजिनची बॅटरी उतरली असन. ते पानीवाली, रिकामी उभी राहिली का लवकर जाते. नितेश आधी ते पायीन, टर्मिनल घासून वर व्हॅसलिन लावीन. तिकडे गाडी उभी असली का दर दोन-तीन दिवसानं अर्धा तास चालवाची, नुसती चालू बंद नाई कराची. टपावरच्या सोलरवर बरफ पडला तं झाडूनं लोटाचा. मागची बॅटरी पार उतरू देऊ नका, बाकी ते सोताचं पायते. हीटरचा धूर जाते त्या पाइपाच्या तोंडावर बरफ साचला नाई, हे रोज पायजा. अन् गाडीत शेगडी अजिबात पेटवू नका, कितीबी हिव पडलं तरी.

मले बी यावं वाटत होतं. गुडघे नाई म्हनतात.

आचलले म्हना, मामानं इचारलं. एवढंच म्हना. बाकी मी सोता लिहीन.

महादेव


आचलचं घर, हिमाचल
दि. २७ जानेवारी २०२५

ती. दादास शि. सा. नमस्कार.

आम्ही चौदा तारखेला पोचलो. सतराला आचलला मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. नाक तुझ्यासारखं आहे, म्हणून बिचारीची काळजी वाटते. जावई शांत माणूस आहे. माझ्याशी अडखळत मराठी बोलतो. शिकून ठेवली होती म्हणे, सहा वर्षांपासून.

मी घरात आचलजवळ निजते, नितेश गाडीत. पहिल्या दिवशी त्याने डिझेल वाचवायला हीटर बंद केला आणि दोन रजया घेऊन झोपला. सकाळी टपावर चार बोटं बर्फ, आणि बॅटरीचं तापमान शून्याच्या खाली दोन दाखवत होतं. इंजिन चालू केलं तरी चार्ज घेईना. नितेश घाबरला. मग अर्ध्या तासात पट्टीने ती गरम झाली आणि आपोआप घ्यायला लागली. तू निवडून दिलेली वस्तू चांगली आहे, दादा.

गाडी दारासमोर उभी आहे, यांना हवी होती तिथेच. आचल तिच्याकडे बघत नव्हती. त्या बाजूच्या खिडकीचा पडदा ओढून घ्यायची. वीस तारखेला तिने मला सरळ विचारलं, की बाबा निघणार कधी होते. मी खोटं सांगायचं ठरवलं होतं, की बॅटरी यायची होती. पण लेकराला पाजत होती ती, माझ्याकडे न बघता, आणि मला खोटं बोलता आलं नाही. अकरा तारखेचं सांगितलं, मूर्तिजापूरच्या स्टँडचंही सांगितलं. तिने सगळं ऐकलं. मग म्हणाली, बसने आले असते तरी चाललं असतं. मी काही म्हटलं नसतं. दार उघडलं असतं आणि चहा ठेवला असता. एवढं बोलून भिंतीकडे तोंड केलं. मला तिच्या पाठीवर हात ठेवायचा धीर झाला नाही.

काल ऊन पडलं होतं. बाळ झोपलेलं होतं. ती शाल गुंडाळून उठली आणि एकटी गाडीकडे गेली. मी दारात उभी राहिले. पुढच्या सीटवर बसली नाही, मागे गेली. बराच वेळ आली नाही म्हणून मी गेले, तर बर्थच्या कडेला जमिनीवर बसलेली. बर्थला बाहेरच्या अंगाने एक लाकडी पट्टी आहे, वीतभर उंच, कडा घासून घासून गोल केलेल्या. तिने विचारलं की ही कशासाठी. मी म्हटलं, मीही विचारलं होतं यांना, तर म्हणाले की अंथरूण घसरते. आचल म्हणाली, आई, अंथरुणाला कडा गोल करायला लागत नाहीत.

मला तोवर कळलंच नव्हतं. त्यांच्या घरात पाय ठेवणार नाही म्हणत होते आणि त्यांचं लेकरू आपल्या कुशीत निजवायची तयारी करत होते. मोठा माणूस खाली पडू नये म्हणून कोण पट्टी ठोकतं?

आम्ही दोघी तिथेच बसून रडलो, दादा. हे गेल्यापासून मी पहिल्यांदा रडले.

आता एक विचारायचं आहे. आचल म्हणते, दुपारी ऊन असताना तासभर बाळाला त्या बर्थवर निजवायचं. त्यासाठी हीटर किती आधी लावायचा, खिडकी किती उघडी ठेवायची आणि बॅटरीला ते झेपेल का? नितेश झेपेल म्हणतो, पण ती ऐकत नाही. म्हणते, मामाला विचार. तेव्हा नितेशच्या फोनवर कळवू नकोस, तिच्याच नावाने पत्र लिही. ती वाट पाहते आहे.

वहिनींना नमस्कार. लेकीवर नि नातीवर माया असू दे.

तुझी,
सुभद्रा