मिशी काढली आणि

६ जून, मंगळवार

मिशी काढली! ताई ठमीच्या गालावरचं पुरळ बघून म्हणाली, "तुझी मिशी टोचते रे पोरीला. बाप आहेस की खराटा?" म्हटलं, पोरीपुढे मिशीची काय मातब्बरी! दुकानात दिवसभर दुसऱ्यांच्या दाढ्या करतो, आज त्या खुर्चीत स्वतःच बसलो. दोन मिनिटांत साफ.

घरी येऊन ठमीला उचललं – आणि अशी किंचाळली! ढकलायलाच लागली मला. नऊ महिन्यांची पोर, पण हातात काय जोर!

७ जून, बुधवार

ओळखतच नाही. आवाज ऐकून वळते, तोंड बघून रडते.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मिशीचं काय घेऊन बसलात? दात येताहेत, लाळेनं पुरळ उठलंय." म्हणजे हात दाखवून अवलक्षण! ताईला फोन केला. "मला काय डॉक्टरकी येते?" म्हणाली.

८ जून, गुरुवार

सोमवारी बायकोची रजा संपते. ठरलं होतं – दुपारपर्यंत ठमी माझ्याकडे, मग ताई येणार आणि मी दुकान उघडणार. आता कसलं काय! आज तालीम केली. बायको बाहेर जिन्यात, ठमी आत रडून लालेलाल. शेवटी बायकोच डोळे पुसत आत आली. माझ्यावर चिडली नाही, हेच जास्त लागलं.

९ जून, शुक्रवार

काळ्या पेन्सिलीनं मिशी काढून पाहिली. ठमी आणखीच घाबरली. बायको पोट धरधरून हसली.

दुपारी दोघी दुकानात आल्या. खुर्चीत झुपकेदार मिशांचा एक ट्रकवाला. ठमीनं त्याच्याकडे झेप घेतली! तो बिचारा ओशाळला. "माझं स्वतःचं पोरगं येत नाही हो माझ्याकडे," म्हणाला. मी त्याचीच मिशी कोरत होतो. कात्री खाली ठेवावी लागली.

१० जून, शनिवार

बाथरूममध्ये नळ सोडून रडलो.

११ जून, रविवार

बायकोचे केस कापले. तीच म्हणाली, "ठमी सारखी ओढते, आणि आता सकाळी विंचरायला वेळ कुठला?" वेणीला वर रबर लावून सबंध कापली, तिला ठेवायची होती. काय सुरेख दिसते! कौतुकाच्या भरात दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

घरी ताई ठमीला घेऊन बसलेली. बायकोनं हात पसरले. ठमी बघतच राहिली. ओठ थरथरले. मग किंचाळून झेपावली – माझ्याकडे! तोंड माझ्या मानेत, मुठीत माझी कॉलर.

"अगं, आई आहे मी!" बायको म्हणत होती. हात तसेच पसरलेले.

हेच तर मागत होतो ना मी? जरा वेळ तसाच उभा राहिलो. तिच्या टाळूचा वास घेतला. पण बायकोकडे बघवेना. पिशवीतून वेणी काढली आणि बायकोच्या खांद्यावर ठेवली. ठमीनं ती चाचपली, घट्ट धरली आणि गेली आईकडे. मीच दिली.

१२ जून, सोमवार

बायको कामावर गेली. जाताना वेणी माझ्या खांद्यावर टाकून गेली. ठमी ती मुठीत धरून माझ्या अंगावर झोपलीय. ताई येऊन बसलीय, दुकानाची वेळ टळून गेलीय. पण हलणार कोण!