दगडाच्या जागी

पातूर
गुरुवार, १२ फेब्रुवारी १९५९

आज संध्याकाळी शेजारचा तुळशीराम दोन माणसं घेऊन आमच्या नाल्याकाठच्या झाडीभोवती फिरत होता. तिघांच्याही हातात कुऱ्हाडी. हिवर, पळस, मोह, सगळं बघून झालं. मी म्हटलं, शेत आमचं आहे, झाडी गेली तर काठ ढासळून विहीर बुजेल. तो हसला. "मास्तर, तुमी बौद्ध झाले, देव नाल्यात टाकला. आता तिथं कोनाचं भेव? उद्या सकाळी येतो."

खरं आहे. शेंदराचा तो दगड होता तोवर तिथली काडीही कोणी मोडत नव्हतं. दीक्षेनंतर मीच तो ढकलला, ताठ मानेनं.

आता नाल्यात उतरून पाहिलं. दगड तिथंच, शेंदूर अजून लाल. परत ठेवला तर झाडी वाचेल? हात लावला आणि माझीच मला भीती वाटली. तसाच घरी आलो.

मायला सांगितलं. तिनं भाकर थापता थापता ऐकलं. "राहू दे दगड तिथंच. सकाळी त्याच्या जाग्यावर मी जाऊन बसतो."

मी सोबत जाईनच. पण दगडाला सारं गाव भीत होतं. मायला कोण भिणार?