रिळात नसलेला सूर

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

रीळ — नथू मिस्त्रींनी सांगितले पंचवीस हजार, दिले बावीस. आमच्या मालिकावेड्यांच्या मंडळात एवढंच सांगायचं. खरं इथे लिहितो. रीळ वाजवायच्या मशीनची दुरुस्ती आणि नवा रबरी पट्टा, साडेनऊ हजार. नाशिकच्या दोन फेऱ्या, डिझेल, टोल, एक चलान. नथू मिस्त्रींच्या जावयाला पेढे, कारण तो रीळ भंगारात घालायला निघाला होता! प्रमिलाच्या भाचीचा साखरपुडा हुकला. त्याची वसुली अजून चालू आहे, रोज जेवताना. आणि कारखान्यातल्या, धाग्याला पीळ देणाऱ्या चार नंबर मशीनची बेअरिंगं पुढच्या महिन्यावर ढकलली. ते मात्र खर्चात धरत नाही. चार नंबर लोण्यासारखं चाललंय. मी स्वतः ऐकलंय.

पण रीळ घरात आलं! 'अंतरिक्ष चौकी' या टीव्ही मालिकेचं पार्श्वसंगीत, स्टुडिओतलं. डब्यावर निळ्या शाईत — भाग १९, चौकीचा शेवट. नथू मिस्त्री त्या स्टुडिओत वायरमन होते. पस्तीस वर्षं हे रीळ त्यांच्या पलंगाखाली, लोणच्याच्या बरणीशेजारी.

११ नोव्हेंबर

दुपारी माडीवर दार लावून ऐकलं. अंगावर काटा.

आपल्या मंडळात ज्यांच्याकडे कॅसेटी आहेत त्या सगळ्या कॉपीच्या कॉपीच्या कॉपी. नुसता खरखराट. इथे प्रत्येक वाद्य वेगळं. खालचा तो घुमारा, मग पत्र्यावर कुणी नख ओढावं तसं काहीतरी, मग तो बारीक सूर वर चढायला लागतो…

आणि थांबतो.

तीनदा ऐकलं. सूर अर्ध्यावर संपतो. पुढे रीळ नुसतं फिरतं. टीव्हीवर तो वर, वर, वर जात सुईसारखा व्हायचा — मालिका बघितलेल्या कुणालाही विचारा. कॅसेटींत तो खरखरीत बुडालाय, म्हणून मंडळात गेली दहा वर्षं त्या सुरावरून भांडणं.

जेवताना डोक्यात लख्ख प्रकाश पडला. टीव्हीवर जायच्या आधी वरचा सूर मागाहून चढवला असणार! हे रीळ त्याच्या आधीचं. कच्चं. म्हणजे जगात एकच!

१२ नोव्हेंबर

मंडळाच्या ग्रुपवर टाकलं — "सूर न चढवलेली मूळ प्रत. अख्ख्या दुनियेत एक. सिल्वासात, माझ्या माडीवर." सत्तेचाळीस निरोप. स्वप्नीलचा लगेच नाशिकहून फोन. मंडळ त्यानंच काढलं. मालिका लागली तेव्हा त्याचा जन्मही नव्हता.

"काका, नाही म्हणजे अजिबात नाही?"

"अरे, माझे कान आहेत की भजी?"

"तुमच्या कानांवर कोण शंका घेईल! एक डिसेंबरला येतो सगळे."

मंडळाचा नियम — नवं रीळ फोनवरून पाठवायचं नाही. पहिलं ऐकणं सगळ्यांनी मांडी घालून, एकत्र. चपला बाहेर, मोबाईल स्टीलच्या डब्यात. तोवर मालकाशिवाय कुणी ऐकायचं नाही. मी तर प्रमिलालाही ऐकवलं नाही. तिनं मागितलंही नाही म्हणा.

१४ नोव्हेंबर

सोनी ऑफिसात आली. जवळच्या किलवणी गावची पोर, बावीस-तेवीसची, चार नंबरवर दीड वर्ष आहे. हात चलाख. तुटलेला धागा डोळ्याचं पातं लवायच्या आत जोडते.

"शेठ, चार नंबर शिटी मारते."

"कशी शिटी?"

"बारीक. कानात सुई घातल्यावानी. सोमवारपासून मारते."

गेलो. स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर, मूठ कानाला. असंच ऐकत मी इथवर आलो. शहाण्णव साली दुसऱ्याच्या कारखान्यात हेल्पर असताना हॉलच्या या टोकाला उभा राहून त्या टोकाचं बेअरिंग सांगितलं होतं. मालकानं त्या दिवशी फिटर केला. हे सहा मशीनचं दुकान त्या एका ऐकण्यावर उभं आहे.

पंधरा मिनिटं ऐकलं. घरघर एकसारखी, गोल. काही नाही.

"सोने, शिटी मारणारा बाहेर गेटवर उभा नाही ना कुणी? बघून ये."

सगळे हसले. ती नाही हसली. कल्पेशनं, माझ्या सुपरवायझरनं, मशीनवर थाप मारली. बावीस वर्षं माझ्याबरोबर आहे. "शेठे कीधुं एटले पत्युं," म्हणाला, शेठ बोलले म्हणजे विषय संपला. त्यालाही काही ऐकू येत नव्हतं.

१५ नोव्हेंबर

सोनी कानात कापूस घालून उभी. तपासणीवाल्यांना दाखवायला कानातल्या बुचांचं एक खोकं घेतलंय — सील अजून तसंच. मी तीस वर्षांत कधी घातली नाहीत. कान बंद करून मशीन कसं चालवायचं? स्वयंपाकिणीनं नाक बंद करून फोडणी द्यावी तसं!

१७ नोव्हेंबर, रविवार

प्रमिलाला घेऊन दुधनीला गेलो होतो, मासळी आणायला. संध्याकाळी पाण्याच्या कडेला बसलो. म्हटलं, पूर्वी इथे रातकिड्यांनी डोकं उठायचं. आता एक नाही. औषधं मारून मारून संपवले असतील लोकांनी.

प्रमिला माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "चला, बर्फ वितळेल मासळीचा."

१९ नोव्हेंबर

आता सोनीच्या जोडीला आणखी दोघं. म्हणे शिटी वाढली. दोघंही पंचविशीच्या आतले. कल्पेशला नाही, जुन्या एकाही माणसाला नाही, मला नाही. मग काय समजायचं? पोरांना चार नंबर नकोय, कारण त्यावर जाड धागा लागतो, काम दुप्पट. हे मीही केलंय त्यांच्या वयात! फक्त माझं कारण पोटदुखी असायची.

बारकू वॉचमन मात्र संध्याकाळी वेगळंच बोलला. "शेठ, कुत्री आत येत नाय."

आमची कारखान्याची कुत्री. तिची जागा चार नंबरच्या मागे, गरम हवा येते तिथे. तिथेच दोनदा व्यायली. आठ दिवस झाले, गेटबाहेर थंडीत झोपते. पोळी आत टाकली तर पोळीकडे बघते, माझ्याकडे बघते, आणि उंबऱ्यावरनं परत.

कुत्रीला पगारवाढ नको असते. हे डोक्यातून जात नाही.

२१ नोव्हेंबर

पुन्हा रीळ. पुन्हा त्याच जागी संपलं.

हे पिसं कशापायी, असं प्रमिला विचारते. तिला कधी नीट सांगितलं नाही. एकोणनव्वद साली अमळनेरहून सिल्वासाला आलो तेव्हा इथल्या आमलीत एका खोलीत अकरा जण. रविवारी सकाळी चहावाल्याकडे टीव्ही, रस्त्यापर्यंत गर्दी. 'चौकी' लागायची. पुठ्ठ्याचं यान, थर्मोकोलचे दगड — आम्ही पोट धरून हसायचो. पण संगीत सुरू झालं की हसू बंद. शेवटच्या भागात चौकीवरची माणसं वाट बघत बसलेली असतात. काहीतरी येतंय हे त्यांना ठाऊक, काय ते ठाऊक नाही. आणि तो सूर चढत जातो. चहावाल्यानं स्टोव्ह बंद केला होता. नीट ऐकू यावं म्हणून! कुठे संपला ते आजही सांगता येणार नाही. घरी जातानासुद्धा डोक्यावर आहे असंच वाटत होतं.

मी तेव्हा एकोणीस वर्षांचा. सूर ऐकणारा माणूस नव्हतो. त्या दिवसापासून झालो.

म्हणूनच जरा चुकचुकतं. जगात एकमेव प्रत मिळाली, आणि त्यात तोच नाही.

२५ नोव्हेंबर

चार नंबरवर धागा फार तुटतोय. कल्पेश म्हणतो, माल खराब आला. असेल.

स्वप्नीलचा निरोप — तेवीस जण येतायत. एक तर थेट रत्नागिरीहून. चटया मागवल्या. प्रमिला म्हणते, "तेवीस माणसं येणार, न वाजणारा सूर ऐकायला. पोहे तरी वाजवून देऊ का?"

२६ नोव्हेंबर

सोनीनं आज मशीनवर उभं राहायला नकार दिला. सगळ्यांसमोर. "काढा कामावरनं. मी नाय उभी राहणार तिथे."

रागावलो नाही. मी रागावत नाही, तीच माझी खुबी. पण सहा मशीनचा मालक एका पोरीच्या कानापुढे वाकला तर उद्या कोण ऐकेल? "मशीन मी ऐकलंय," म्हणालो. "कल्पेश, उद्यापासून तू उभा राहा चार नंबरवर. दाखव हिला."

कल्पेशनं बाह्या सारल्या. "लो शेठ, एमां शुं! त्यात काय!"

सोनी त्याला म्हणाली, "भाई, निदान चष्मा घाल." तो हसला. मीही.

२७ नोव्हेंबर

तीन चाळीसला गेलं.

मी ऑफिसात होतो. आवाज ऐकला — तो मला ऐकू आला! फटाक्याची माळ पेटल्यासारखा. धावलो. स्पिंडलचं बेअरिंग धरलं, म्हणजे जाम झालं, फुटलं, पीळ देणाऱ्या चकत्यांचे तुकडे गोळीसारखे उडाले. कल्पेश खाली बसलेला, दोन्ही हात तोंडावर. बोटांमधून रक्त. ओरडत नव्हता. "शेठ, लाइट गई के?" एवढंच विचारत होता.

लाइट होती.

सोनीनं मेन स्विच पाडला, ओढणी ओली करून त्याच्या डोळ्यावर धरली. मी नुसता उभा होतो.

२८ नोव्हेंबर

उजवा डोळा ठीक. डावा — डॉक्टर म्हणतात दहा दिवस थांबा, पण आशा ठेवू नका. कल्पेशची बायको कॉरिडॉरमध्ये माझ्या पाया पडायला वाकली. मीच खर्च करतोय म्हणून! मी मागे सरलो, भिंतीला आपटलो.

कल्पेश म्हणाला, "शेठ, तमारो वांक नथी. तुमचा काय दोष? तुम्ही तर ऐकलं होतं."

हे वाक्य मी इथे लिहितोय, कारण दुसरीकडे कुठे ठेवू कळत नाही.

२९ नोव्हेंबर

जमणं रद्द, म्हणून कळवलं. सहाही मशीन बंद केली. बेअरिंगं सगळी बदलणार. फुटलेलं टेबलावर आहे. तापून तापून कड निळी पडलीय. असं व्हायला किमान पंधरा दिवस लागतात. तोवर ते किंचाळतं. हे मी स्वतः शंभर पोरांना शिकवलंय — आधी किंचाळतं, मग धरतं.

मग मी पंधरा दिवस काय ऐकत होतो?

बाहेरच्या फिटरला बोलवीन. नवा असेल. त्याला आवाजाचं काय कळणार!

कुत्री आज आत आली. चार नंबरच्या मागे जाऊन झोपली. मशीन बंद, जागा थंड. तरी झोपली.

१ डिसेंबर, रविवार

स्वप्नीलला निरोप उशिरा मिळाला, एकटाच आला. आलाच आहे तर ऐकवतो म्हटलं. चपला बाहेर, मोबाईल डब्यात. दार उघडंच राहिलं. सूर चढला, संपला. मी बंद करायला हात पुढे केला. त्यानं माझं मनगट धरलं. डोळे मिटलेले. "थांबा ना काका. वाजतोय." मी त्याच्या तोंडाकडे बघत बसलो. रीळ फिरत होतं. बऱ्याच वेळानं त्यानं श्वास सोडला आणि हळूच म्हणाला, "ही तर टीव्हीवरचीच प्रत आहे."

दारात सोनी, गोदामाची किल्ली परत द्यायला आलेली. दोन्ही हात कानांवर.

"अशीच शिटी मारत होती, शेठ."

सूर रिळात आहे. पूर्ण आहे.