तळातलं पाठकोरं पान

प्रिय माय,

तुला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. आपण दोघी एकाच घरात, पत्र कशाला लागतं? पुढे तू भाऊकडे पुण्याला गेलीस तेव्हा फोन होता. आज मात्र लिहिल्याशिवाय राहवेना. रविवार आहे, दुपारचे चार वाजलेत आणि मी तुझ्याच खाटेवर बसले आहे. जेवण झाल्यावर इथेच जरा डोळा लागला होता. खाटेशेजारचा प्रिंटर आपोआप जागा झाला, त्यातून तीन कागद आले आणि तिसऱ्याच्या पाठीवर माझंच जुनं पत्र होतं.

कोणतं पत्र, हे तुला ठाऊक आहे. भाऊला लिहिलेलं. 'मायला तू घेऊन जा, मला ती आता झेपत नाही,' असं ज्यात लिहिलं होतं ते. त्या दिवशी मी तुला विचारलं, "माय, यातून काही आलं का?" आणि तू मेथी निवडता निवडता म्हणालीस, "काई नाई आलं वं. घुर्रघुर्र केलं नुसतं."

मग हे काय आहे, माय? तू ते वाचलं होतंस?

प्रिंटर आणला तो माझ्या शाळेसाठी. तांड्यावरची शाळा, पोरांना रोज नवा स्वाध्याय द्यायचा, आणि मंगरूळच्या दुकानात झेरॉक्सच्या रांगेत उभं राहायचं तर शाळेकडे जाणारी मानोऱ्याची बस निघून जायची. मी तो माझ्या खोलीत ठेवणार होते. तू म्हणालीस, "माह्या खोलीत ठेव. मले चालता येत नाई त कोनी आलं-गेलं तरी दिसन." वायफायचा पासवर्ड गल्लीत तूच वाटलास. कुणाचं हॉलतिकीट, कुणाचा सातबारा, कुणाच्या पोरीचा बायोडाटा! शेजारीपाजारी आपापल्या घरात बसून फोनवर बोट दाबायचे, आणि कागद पडायचा तुझ्या उशाशी. मग तो न्यायला माणसाला यावंच लागायचं. आला की बसणार, बसला की चहा. गल्लीला वाटायचं आपण फुकट प्रिंट काढतो. तुझा हिशेब वेगळाच होता, लबाड!

आणि वाचायचीससुद्धा सगळं. चौथी पास तू, चष्मा नाकावर, ओळीखाली बोट. कुणाला किती टक्के पडले, कुणाची साखर वाढली, सगळं तुला त्यांच्या घरच्यांच्या आधी कळायचं. मुलांचे बायोडाटे आले की त्यातून माझ्यासाठी स्थळं काढायचीस. चाळिशी उलटलेल्या मास्तरणीसाठी! "हा पाय, शेती हाय, नोकरी हाय, उंची बी बरी हाय." मी चिडायचे, तू हसायचीस, आणि हसता हसता दम लागायचा.

तुला एक कधी उमगलं नाही. वायर नाही, काही नाही, मग अक्षरं येतात कुठून? मी शिकवलं होतं तुला: घरात एक न दिसणारं जाळं असतं, फोन आणि प्रिंटर दोघं त्या जाळ्यात असले की एकमेकांना ओळखतात. तू मान डोलावलीस. दुसऱ्या दिवशी पाहते तर समोरच्या शांताकाकूंच्या बाजूची खिडकी सताड उघडी, घरभर धूळ! विचारलं तर म्हणालीस, "शांताची प्रिंट यायची हाय. बंद खिडकीतून कशी येईन थे?" पोट धरून हसले मी. तरी तू शेवटपर्यंत खिडकी उघडीच ठेवलीस. प्रिंट यायला लागली की हात आखडून घ्यायचीस, अक्षरांना हवेत तुझा धक्का लागू नये म्हणून. आज दुपारी अर्धवट झोपेत मला अगदी तसंच दिसत होतं. सगळ्या गल्लीची अक्षरं खिडकीतून सावकाश आत येताहेत, कापसासारखी, आणि तू हात आखडून त्यांना वाट देते आहेस.

पण ते पत्र. त्याबद्दल बोलायलाच बसले आहे, आणि अजून आडवळणानेच चालले आहे.

तेव्हा तुझा दमा वाढला होता. रात्री तुला पडून श्वास पुरायचा नाही. उठवून बसवायचं, पाठ चोळायची, पुन्हा निजवायचं, आणि माझा डोळा लागला की पुन्हा तुझी हाक, "सुजेऽ". सकाळी उठून स्वयंपाक, तुझी अंघोळ, मग तांडा. भाऊ पुण्याहून रोज फोनवर सांगायचा, हे औषध दे, ते पथ्य कर. उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं. एकदा फळ्यावर बेरीज लिहिता लिहिता माझा डोळा लागला आणि खडूची रेघ थेट खालपर्यंत गेली. पोरं हसली. मी नाही हसले.

त्या दिवशी सकाळी मी पत्र टाइप केलं. तोंडाने बोलले असते तर रडले असते, म्हणून लिहिलं. आणि मास्तरणीच ती! शाळेची प्रत्येक गोष्ट पीडीएफ करून पाठवायची सवय, तर भावाला लिहिलेलं पत्रही पीडीएफ करायला गेले. फोनमध्ये वर पीडीएफऐवजी प्रिंटरचं नाव होतं, ते मी पाहिलंच नाही. बटण दाबलं. लाइट गेलेली होती, वायफाय बंद. फोन म्हणाला, प्रिंटर सापडत नाही. बरं झालं, म्हटलं, संध्याकाळी पाहू, आणि शाळेत गेले.

पण फोन विसरत नाही, माय. तो वाट पाहत राहतो. संध्याकाळी मी आले तेव्हा लाइट आलेली होती. शांताकाकूंनी फाटकाशी अडवलं आणि त्यांच्या रूपालीच्या लग्नाचं सांगत बसल्या. फाटकापर्यंत आपलं वायफाय येतं. मी बाहेर बोलत होते, पर्समधल्या फोनने घर ओळखलं आणि आत तुझ्या उशाशी ते पत्र छापून दिलं. फोन काढून पाहिला तर त्यावर लिहिलेलं, प्रिंट पूर्ण. चपलांसकट पळत आत आले. तुझ्यापुढे मेथी. प्रिंटरवर काही नाही.

"काई नाई आलं वं," तू म्हणालीस. "कागदच नसन त्यात."

मी ट्रे उघडून पाहिला नाही. का नाही पाहिला? कारण तुझं म्हणणं मला सोयीचं होतं, दुसरं काय! भाऊला ते पत्र मी पाठवलं नाही. नंतर धीरच झाला नाही.

दोन-तीन दिवसांनी तूच म्हणालीस, "मले भाऊकडे जाऊ दे. नातीले पाहून लय दिवस झाले." माय, मी तुला एकदासुद्धा 'नको जाऊ' म्हटलं नाही. तुझी पिशवी मी गाणं गुणगुणत भरली. मनात म्हणाले, पत्र न पाठवताच काम झालं, हिची हिलाच इच्छा झाली! जायच्या आदल्या दिवशी तू प्रिंटरचा ट्रे भरून ठेवलास. एका बाजूला छापलेले, दुसऱ्या बाजूला कोरे असलेले सगळे पाठकोरे कागद. तू एक कागद कधी वाया जाऊ दिला नाहीस. त्यांच्यावर मी नवे कोरे कागद टाकत गेले, वरचेच वापरत गेले, आणि तुझे तळाशी तसेच राहिले. आज वरचे संपले. शांताकाकूंनी समोरून फोनवरून रूपालीच्या धाकट्या बहिणीचा बायोडाटा पाठवला, आणि तळातलं पान वर आलं.

त्याला चौघडी पडलेली आहे. प्रिंटरने अडखळत, कुरकुरत ते बाहेर टाकलं. घड्या मऊ झाल्यात, खूपदा उघडून मिटलेल्या नोटेसारख्या, आणि एका कोपऱ्याला सुपारीचा तांबूस डाग आहे. म्हणजे ते तुझ्या कमरेच्या बटव्यात होतं. ट्रेमध्ये ठेवण्याआधी ते पाच दिवस तू अंगावर वागवलंस. मी तुला जेवायला वाढत होते, केस विंचरत होते, तेव्हा ते तिथेच होतं.

तिकडे तिसऱ्याच महिन्यात तू कायमची गेलीस. पुण्यात, परक्या इमारतीत, सातव्या मजल्यावर. तिथे कुणाची प्रिंट येत नव्हती, कुणी चहाला बसत नव्हतं. मी पोचले तेव्हा तू बोलत नव्हतीस. तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, श्रद्धांजलीला, इथल्या बुद्धविहारात बायका म्हणाल्या, "लेकीनं लय केलं मायचं." मी हात जोडून ऐकून घेतलं. एक बाई वंदनेचा कागद घेऊन बसली होती, तू सगळ्यांसाठी मोठ्या अक्षरात काढून दिलेला. मला वर बघवेना.

आज ते पान हातात आल्यावर मला कळेना काय करावं. शांताकाकू कागद न्यायला आल्या होत्या. माझा चेहरा पाहून म्हणाल्या, "काय झालं वं बाई? काहून रडून राह्यली?" मी पान उलटं धरलं. म्हटलं, शाई पसरली, दुसरी काढून देते. त्या खिडकी लावून घेऊ का म्हणाल्या, वारं येत होतं. मी नको म्हटलं.

त्या गेल्यावर मी भाऊला फोन केला. आधी ते पत्र वाचून दाखवलं, सगळं, एक शब्द न गाळता. मग विचारलं, "मायने तुला यातलं काही सांगितलं होतं?"

भाऊ म्हणाला, "पत्राचं काईच नाई सांगतलं. कोनतं पत्र, मले आज समजून राह्यलं." मग म्हणाला, "पन तिले घेऊन येतानी वाटेत मालेगावले चहाले थांबलो होतो ना, तवा बोलली होती."

"काय?"

"म्हने, सुजी बसल्या बसल्या झोपते. परवा हातातला घास हातातच राह्यला अन् झोपली. मी घरात हाव तोवर थे काई निजत नाई. तिले निजू दे. दुपारी फोन नोको लावजो तिले, सुट्टीच्या दिवशी त मुळीच नोको."

माय! म्हणून त्या तीन महिन्यांत रविवारी तुमचा फोन यायचा नाही! मी केवढी रुसले होते. पुण्याला गेली आणि लेकीला विसरली, असं शांताकाकूंपाशी बोलून दाखवलं होतं मी.

मी ते पत्र आता पुन्हा वाचलं. तुझ्यासारखं, ओळीखाली बोट धरून. त्यात काय काय नाही लिहिलेलं! तुझ्या हाकेचा राग येतो असं लिहिलंय. तुझ्या खोकल्याने अंगावर काटा येतो असं लिहिलंय. एका ठिकाणी तर लिहिलंय की माझं आयुष्य हिच्या खाटेला बांधलं गेलं. हे सगळं तू वाचलंस, पाच दिवस वाचलंस. आणि या सगळ्यातून भाऊला सांगितलं काय, तर शेवटून तिसरी ओळ. 'सहा महिने झाले, मला झोप नाही.' बाकीचं तू झाकल्या मुठीत ठेवलंस आणि मूठ तशीच घेऊन गेलीस.

मला तुझा रागही येतोय. खरंच येतोय! भांडायचं होतंस माझ्याशी. तो कागद माझ्या तोंडावर फेकायचा होतास. मी रडले असते, तुझ्या पाया पडले असते, आणि तू गेली नसतीस. की गेलीच असतीस? तुझ्यापुढे कुणाचं चाललंय! पण निदान मी गुणगुणत पिशवी भरली नसती.

तुला एक सांगायचं राहिलं. तू गेल्यावरही मला झोप आली नाही, माय. ज्यासाठी एवढी लांब गेलीस तेच झालं नाही. आता हाक मारणारं कुणी नाही, तरी रात्री त्या त्या वेळेला मी ताडकन उठून बसते, पाठ चोळायला हात पुढे करते, आणि हाताला भिंत लागते. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. गोळ्यांना काय ठाऊक! आज दुपारी तुझ्या खाटेवर लागला तो डोळा तेवढाच काय तो खरा.

म्हणून वचन देते. यापुढे कुणी म्हणालं, लेकीनं लय केलं, तर मी खरं काय ते सांगेन, भाऊला सांगितलं तसंच. शरम वाटेल, वाटू दे. आणि मी झोपेन. आजपासून याच खाटेवर. डोळे मिटताहेतच मघापासून, अक्षरं पुसट दिसताहेत. शांताकाकूंना सांगितलंय, प्रिंट काढा, कागद सकाळी न्या.

आणि तू हाक मारायची थांबू नकोस. मार, हव्या तितक्या वेळा मार. मी उठणार नाही, माय. झोपेतच ओ देईन.

तुझी,
सुजी