सरूचा दगड

आषाढ वद्य २, सोमवार

आणि वर लोक मलाच विचारतात — तूच म्हणालीस ना दगड उघडा आहे म्हणून! हो, म्हणाले. मीच म्हणाले. रोज मीच सांगते. वीस पावसाळे झाले, ह्या वहीत लिहून ठेवते. मराठी दुसरीपर्यंतच शिकले, पण पाणी किती चढलं एवढं लिहायला ते पुरतं.

काल सकाळी धुणं घेऊन घाटावर गेले. सरूचा धुण्याचा दगड पाण्याच्या वर चार बोटं उघडा होता. घरी येऊन ह्यांना म्हटलं, सोडा नाव, चार बोटं आहेत अजून. ह्यांनी सोडली. पल्याडच्या खाचरांत लावणीला निघालेल्या नऊ बायका. मधल्या धारेत नाव रेटायचा बांबू, कळक, टाकला तो तळाला लागेचना! नाव आडवी झाली, कलंडली. आठ जणी निघाल्या. कुणी वल्हं धरून, कुणी ह्यांचा दंड धरून. विठाबाई निघाली नाही.

वर दगड उघडा आणि खाली कळक लागत नाही — असं होतच नाही. सासरे ह्याच नावेवर म्हातारे झाले. ते सांगायचे, सरूच्या सासूचा दगड बुडाला की धारेत कळक पुरत नाही, मग पाटलाचं लगीन असू दे, नाव बांधायची. सासू गेली, दगड सरूचा झाला. खूण तीच.

इंद्रायणीने मला कधी खोटं सांगितलं नाही. मग काल काय झालं?

विठाबाईचा भाऊ सोपान अंगणात येऊन उभा राहिला. मला वाटलं शिव्या देईल. नुसता नावेकडे बघत राहिला आणि गेला. शिव्या दिल्या असत्या तर बरं.

मंगळवार

सापडली. खालच्या अंगाला, करंजाच्या मुळ्यांत. इरलं अजून पाठीवरच होतं, दोरी हनुवटीखाली करकचून बांधलेली. नावेत बसताना इरली काढा म्हणून घसा फोडते मी. वारा भरतो त्यात, आणि पाण्यात पडलं की तेच माणसाला वर येऊ देत नाही. तर दात काढतात — "भिजू का मंग, रतन वहिनी?"

पाणी: दगड बुडालेला. वर वीतभर. नाव बांधलेली. आता बांधून काय!

वद्य ४, बुधवार

वडगावच्या कचेरीतून माणूस आला. पुढल्या शुक्रवारी साहेब येणार, चौकशी. नाव कुणी सोडली, पाणी किती होतं, सगळं विचारणार. ह्यांना धरून नेतील असं नथू दुकानदार चारचौघांत बोलला. शिवाय म्हणतो, "बायकांच्या धुन्याच्या दगडावर नाव चालवतेत, मंग दुसरं काय व्हनार?"

हाच तो नथू. मागल्या पावसाळ्यात दगड बुडाला, तीन दिवस नाव बांधून ठेवली, तर काठावर खोळंबलेल्या गड्यांत हाच ओरडत होता — "काय कोंडाजी भाऊ, बायकोचं धुनं वाळलं का न्हाई? वाळलं की सोड!" सगळा काठ हसला. हे घरी येऊन जेवले नाहीत. मी म्हटलं, हसू द्या, जिवंत आहेत म्हणून हसतायत. तर ताट सारून उठले.

वद्य ५, गुरुवार

सापडलं!

पाणी उतरलं म्हणून भल्या पहाटे घाटावर गेले. सरूचा दगड पुरता उघडा. आणि त्याच्या खाली, पाण्याच्या कडेला, गाळात एक खळगा. दगडाच्या बुडाएवढा. हात घालून बघितला, कडेला पहारीचे टोचे आहेत. खळग्यापासून दगडापर्यंत हाताने मोजलं. दोन हात वर. चढावर दोन हात म्हणजे पाण्यात मांडीएवढा फरक!

दगड वर नेलाय कुणीतरी. आणि मी येडी रोज त्याच्याकडे बघून सांगत होते — सोडा, सोडा. मी चैत्रात लेकीच्या बाळंतपणाला तळेगावला गेले ती दोन महिन्यांनी आले. आले तेव्हा पाणी चढलेलं, खळगा पाण्याखाली. मला दिसणार कसा?

माझ्या तोंडाने बुडवलं विठाबाईला. माझ्या तोंडाने!

शुक्रवार

सरूच्या दारात गेले. ती तांदूळ निवडत होती.

"दगड कुनी हलवला?"

"पोरांनी. वैशाखात." वर बघितलंच नाही. "माझं गुडघं गेलं, रतन. तितवर उतरवत न्हाई."

"आन मला सांगायला तोंड शिवलं व्हतं?"

"तू हितं न्हवतीस."

"आल्याव? आल्याव काय झालं? रोज घाटाव भेटतीस, रोज बडबडतीस, सुनंच्या भाकरीची कागाळी सांगतीस, आन येवढं सांगता आलं न्हाई तुला?"

तिने सूप खाली ठेवलं. माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "मला काय बी इचारू नगं, रतन. तुझ्या पाया पडते." आणि आत गेली.

एकाच सालच्या नवऱ्या आम्ही. मला पोहायला हिने शिकवलं, कमरेला भोपळा बांधून. बुडाले असते तर हिनेच काढलं असतं. आणि आता सुपातलं निवडत बसते. शरम नाही. बाई मेली तिकडे!

रविवार

दगड ढकलला मी. नदीत.

सकाळी घाटावर बायका कुजबुजत होत्या. एक म्हणे, दगड वाचायला मीच चुकले. सुनंदी ती, बोलायला पुढे, धुवायला मागे. मी म्हटलं, थांबा, हा खोटारडा दगडच ठेवत नाही. घरी येऊन पहार शोधायला लागले. ह्यांनी स्वतः माळ्यावरून काढून दिली. "दे लोटून. कटकट मिटंल," म्हणाले. पहिल्यांदा ह्या आठवड्यात बरं वाटलं. निदान घरात तरी कुणी माझ्या बाजूला आहे.

पहार घेऊन घाटावर गेले तर लीलाबाई मधे आली. "अगं रतन वहिनी, साहेब यायचाय. त्याला दावायला दगूड नगं का?"

"साहेबाला माझी जीभ पुरं हाय," मी म्हटलं.

मी आणि घाटावरच्या दोघी, तिघींनी जोर लावला. दगड लोळत गेला, खोल डोहात. खळगाही पायाने बुजवला. रागात काय करते ते कळत नाही मला.

सरू वर बांधावर उभी होती. डोक्यावर धुण्याचं गाठोडं. वळून निघून गेली.

सोमवार

पाणी चढलं. किती, ते लिहिता येत नाही. कशाकडे बघून लिहू?

मंगळवार

कळकाचा तुकडा रोवला घाटावर. वीत-वीत अंतरावर कोयत्याने खाचा केल्या. पाणी तिसऱ्या खाचेवर. पण कितव्या खाचेवर नाव बांधायची हे अजून ठाऊक नाही. ते कळायला एक पावसाळा जाईल. तोवर बांधलेलीच. पल्याडच्या लोकांनी खुशाल बोंबलावं.

साहेबापुढे काय बोलायचं ते मनात घोकते. दगड सरूच्या पोरांनी हलवला. सरूने सांगितलं नाही. मला ठाऊक नव्हतं, ह्यांना ठाऊक नव्हतं. बस.

ह्यांना म्हणून दाखवलं. म्हणाले, "सरूचंच नाव घे. माझं काय बी बोलू नगंस. मी आजारी हाय म्हन." आजारी कुठे आहेत? दोन भाकऱ्या खाल्ल्या आत्ता.

बुधवार

सरू आली. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. म्हणाली, पोरांची नावं साहेबाच्या कागदावर जायची, आता गप राहवत नाही.

दगड हलवला त्याच दिवशी तिने ह्यांना सांगितलं होतं. भाऊ, दोन हात वर गेलाय, खूण बदला. हे म्हणाले, रतन आली की सांगतो. मी तळेगावहून आल्यावर तिने पुन्हा विचारलं. सांगितलंय, म्हणाले. आणि नाव कलंडली त्या दिवशी ह्यांनी तिच्या अंगणात जाऊन तिच्या पायावर डोकं ठेवलं — रतनला कळू देऊ नगं.

ती गेल्यावर ह्यांना विचारलं. म्हणाले, "मागल्या साली नाव बांधली तर लय हसले मला. दगूड वर ऱ्हायला तर नाव बांधाया लागत न्हाई. तूच सोडा म्हनलीस की मंग कोन हसनार?"

म्हणून माझं तोंड वापरलं. आणि पुराव्याला दगड होता तोही मीच बुडवला, ह्यांच्या पहारीने.

ह्यांना सांगून टाकलं. उद्या गुरुवार, परवा साहेब. उद्या दिवे लागायच्या आत मला सांगा — साहेबापुढं तुमी बोलताय, का मी बोलू?