मिनूच्या तळ्यातली बदकं

१ जानेवारी

यंदाचे संकल्प. साखर बंद. बंगाली अक्षरं शिकणे (हा बँकेने बदलीवर कोलकात्याला पाठवलं तेव्हापासूनचा, म्हणजे चांगला मुरलेला आहे. विमल, माझी बायको, इथेच जन्मलेली. बसच्या पाट्या ती वाचायची, मी चढायचो. अडलं नाही कुठे). आणि विमलचा साक्षरता वर्ग प्रोफेशनल करणे.

ती श्रावणात गेली. दिवसकार्य होताच शेफाली आणि तिच्याबरोबरच्या तिघी, सगळ्या घरकामवाल्या, दुपारी दोनला हॉलमध्ये सतरंजी अंथरून हजर. तेव्हापासून वर्ग मीच चालवतो. त्या बंगाली पुस्तक वाचतात, मी मान डोलावतो. विमलपुढे अडखळायच्या, आता घडाघडा वाचतात. बोलू नये, पण मॅनेजमेंटचा फरक पडतोच. पुस्तकात बदकांवर फार भर आहे. ग्रामीण अभ्यासक्रम असावा.

५ जानेवारी

बालीगंजच्या आमच्या फ्लॅटमध्ये 'प्रौढ शिक्षक सहयोग मंच' स्थापन. शिक्षकांनी एकमेकांचे वर्ग बघायचे, साहित्य वाटून घ्यायचं, चुका दाखवायच्या. सदस्य: दमदमच्या लीनाताई, रिटायर्ड शिक्षिका, आणि सलीलबाबू, स्टेशनजवळच्या क्लबात (इथे मंडळाला क्लब म्हणतात) रात्रशाळा चालवतात. समन्वयक मी. अजेंड्यावर बरेच विषय होते, पैकी मंचाचं नाव मंजूर झालं. संदेश दोन खाल्ले. छेन्याची मिठाई ती, साखरेत धरत नाही.

मीटिंग लांबली. शेफालीमंडळी जिन्यात बसून राहिली आणि दुसऱ्या घरच्या कामाची वेळ झाली तशी गेली. मी तिला म्हटलं, हे सगळं तुमच्याच भल्यासाठी चाललंय. ती म्हणाली, हो मेशोमोशाय. मेशोमोशाय म्हणजे मावशीचे यजमान. विमल त्यांची माशीमा होती.

८ जानेवारी

बंगळुरूहून नूपुरचा फोन. इथे वाढलेल्या मुलीचं मराठी: बाबा, तू एकटी काय करते दिवसभर? म्हटलं, एकटा कसला, वर्ग आहे, मंच आहे, मरायला फुरसत नाही.

अक्षरं उद्यापासून. आज चष्मा सापडला नाही.

१४ जानेवारी. संक्रांत

आज लीनाताई आणि सलीलबाबू वर्गाचं निरीक्षण करायला आले. सगळ्यांना तिळगूळ दिला (गूळ चालतो). शेफालीने मिनूच्या तळ्याचा धडा वाचला. एकदाही अडली नाही. मग दुसरीने तोच, मग तिसरीने. मी लीनाताईंकडे बघत होतो, कौतुकाच्या अपेक्षेने.

लीनाताईंनी पान उलटलं आणि पुढचं वाच म्हणाल्या. शेफालीने पुस्तक त्यांच्याकडे सरकवलं. त्यांनी पुन्हा मागचं पान काढून मधल्याच एका शब्दावर बोट ठेवलं. तर ती धडा पहिल्यापासून म्हणत म्हणत त्या शब्दापर्यंत आली. सलीलबाबूंनी विचारलं, या धड्यावर कधीपासून आहात? मी म्हणालो, रिव्हिजन चालू आहे.

संध्याकाळ

लीनाताईंचा फोन. शेफालीने जिन्यात त्यांना सगळं सांगितलं म्हणे. हा विमलने शिकवलेला शेवटचा धडा. पुढचं शिकवायला कुणी नाही हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण वर्ग बंद केला तर मेशोमोशाय दुपारी जेवायचे नाहीत, कुणाशी बोलायचे नाहीत, म्हणून चौघींनी ठरवलं की येत राहायचं. दोन घरांच्या मधली त्यांची तेवढीच विश्रांतीची वेळ. ती त्यांनी मला दिली.

मी म्हटलं, हा फीडबॅक मी मंचापुढे ठेवीन. फोन ठेवला.

१७ जानेवारी

ठराव: वर्ग सलीलबाबूंच्या क्लबात हलवावा, लीनाताईंनी शिकवावं. एकमताने मंजूर. माझंही मत त्यात धरलं. मंचाचं हे पहिलंच ठोस यश, मिनिट्समध्ये तसंच लिहिलंय.

त्यांना सतरंजी देऊन टाकली. हॉल मोठा दिसतो.

२० जानेवारी

सलीलबाबू भेटले. पुढचे दोन धडे झालेसुद्धा. शेफालीने स्टेशनवरची जाहिरात आपली आपण वाचली. मला आनंद झाला. खरंच झाला. दुपारी दोनला सवयीने दार उघडून ठेवलं. हवा यावी म्हणून.

अक्षरं पुढच्या सोमवारपासून. एकटं शिकायचं तर नीट प्लॅनिंग हवं.

२३ जानेवारी. सरस्वतीपूजा

सकाळी शेफाली विमलचं पुस्तक न्यायला आली. क्लबात पूजा आहे. आज सगळ्यांची पुस्तकं देवीच्या पायाशी ठेवतात, आज कुणी वाचायचं नसतं. म्हणाली, तुम्हीही चला मेशोमोशाय, आज लहान मुलांच्या हातात पहिल्यांदा खडू देतात, तुमच्यासाठीही पाटी ठेवलीय. विमलही दर वर्षी हेच म्हणायची. मी शेफालीला म्हटलं, मंचाचा अहवाल लिहायचाय, पुढच्या वर्षी नक्की. तिने पुस्तक पदराखाली घेतलं आणि डबा टेबलावर ठेवला. त्यात खिचुरी होती.

दुपारी दोनला डबा उघडला. घास घेण्याआधी हॉलमध्ये जमिनीवर बसलो आणि मिनूच्या तळ्याचा धडा मोठ्याने म्हटला, पहिल्यापासून. घडाघडा. मिनूच्या घराशेजारी तळं, तळ्यात बदकं, संध्याकाळ झाली की बदकं घरी येतात. एकदाही अडलो नाही.

आज वाचायचं नसतं. पण मी वाचत नव्हतोच.